भाकरीच्या उंचीचा ओटा : खान्देशात मिळणाऱ्या मॉड्युलर किचनची पारख

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठल्याही बाजारात "ट्रॉल्या करायच्या आहेत" म्हटलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावानं विकल्या जातात. एक, कडप्प्याच्या उभ्या पाट्यांवर आधीच बांधलेला ग्रॅनाइटचा ओटा, त्याच्या खणांत स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे शटर. दोन, सुतार घरी येऊन प्लाय कापतो आणि जागेवरच बॉक्स ठोकतो. तीन, शोरूममध्ये नकाशा ठरतो आणि मशिनवर कापलेले, भोकं पाडलेले बॉक्स टेम्पोतून येतात. तिन्हींना दुकानदार मॉड्युलर किचन म्हणतो. खऱ्या अर्थानं मॉड्युलर म्हणजे सुटं करता येईल, उंची बदलता येईल, उद्या शटरच्या जागी ड्रॉवर बसेल असं. ते आपणहून कुणी देत नाही, मागून घ्यावं लागतं.

ही पारख आपल्याकडच्या स्वयंपाकाला लावून केली आहे. कळण्याची भाकरी थापायची, वांग्याची भाजी घोटायची, वर्षाचे गहू आणि दादर ज्वारी भरून ठेवायची, उन्हाळ्यात केलेल्या कुरडया-बिबड्यांचे डबे चढवायचे. यात जे टिकतं ते चांगलं, मग त्याची चमक कमी असली तरी चालेल.

उंची: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट

शोरूममधला ओटा सहसा ३४ इंच असतो, कधी ३६. घरातल्या बाईला उभं करून मोजल्याशिवाय हा आकडा मान्य करू नका. मोजायची रीत सोपी आहे. स्वयंपाक करताना चप्पल घालत असाल तर ती घाला, ताठ उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३७ ते ३८ इंचांवर येतं. भाजी चिरायला ओटा कोपराच्या ४ ते ६ इंच खाली हवा, म्हणजे ३२ ते ३४. इथपर्यंत शोरूमचा आकडा चालून जातो.

गणित बिघडतं ते शेगडीपाशी. ओटा ३४ इंच, त्यावर साधारण ५ इंचांची शेगडी, त्यावर ५ इंच खोल पातेलं. पातेल्याचा काठ आला ४४ इंचांवर आणि कोपर आहे ३८ वर. म्हणजे भाजी घोटताना हात सतत सहा इंच वर उचललेला. खांदा भरून येतो, वाफ तोंडावर येते आणि पातेल्याच्या तळाशी काय लागतंय ते दिसत नाही. हाच ओटा शेगडीपुरता ३० इंचांवर आणला की काठ ४० वर येतो. ओट्यात बुजवायची शेगडी, म्हणजे हॉब, घेतला तर आणखी दोन-तीन इंच वाचतात.

भाकरीचंही तसंच. थापताना जोर खांद्यातून खाली यायला हवा. परातीच्या काठाची उंची धरली तर पाच फुटी बाईला ३० इंचांचा पृष्ठभाग हाताशी बसतो, ३४ वर मनगटांवर ताण येतो. पोळ्या लाटण्यालाही हेच लागू. उलट सिंकचा ओटा उंच हवा, कारण हात काम करतात ते सिंकच्या तळाशी, म्हणजे ओट्याच्या आठ इंच खाली. सिंक ३४ च्या खाली गेलं की भांडी घासणाऱ्या बाईची कंबर गेली.

म्हणून आमची पहिली शिफारस दोन पातळ्यांच्या ओट्याची. सिंक आणि चिरायची जागा ३४ इंच, शेगडी आणि भाकरीची जागा ३० इंच. मापं मिलिमीटरमध्ये अशी मांडता येतात: पाय १०० + बॉक्स ७४० + ग्रॅनाइट २० = ८६० आणि पाय १०० + बॉक्स ६४० + ग्रॅनाइट २० = ७६०. पायरी शेगडीला चिकटून घेऊ नका, दोन्ही बाजूंना किमान एक फूट सपाट जागा ठेवा, नाहीतर पातेल्याचा कान पायरीच्या कडेला अडतो. या रचनेचा एक तोटा आहे आणि तो आधीच सांगितलेला बरा: गरम, जड पातेलं सिंककडे सरकवत नेता येत नाही, उचलावं लागतं. तरी रोजच्या दोन वेळच्या भाकरीपुढे हा तोटा लहान आहे.

आता गॅसचा सिलिंडर. १४.२ किलोच्या सिलिंडरला रेग्युलेटर आणि वर हात घालायची जागा धरून २७-२८ इंच लागतात. ३० इंचांच्या भागाखाली तो कसाबसा शिरतो आणि बदलताना अडतो. तो शेजारच्या ३४ इंचांच्या भागात, १८ इंच रुंद, तळ नसलेल्या खणात ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्यामुळे त्या खणाच्या स्कर्टिंगला (बॉक्सखालची जागा पुढून झाकणाऱ्या पट्टीला) आणि शटरच्या खालच्या भागात जाळी हवीच. सुंदर दिसतं म्हणून स्कर्टिंग सलग बंद करून देणारे कारागीर आहेत, त्यांना थांबवा. नळी पाच वर्षांनी बदलायची असते, म्हणून ती कप्प्याच्या मागून अडकवून नेऊ नका, दिसेल अशी ठेवा.

पाय, ग्रॅनाइट आणि उद्याची सून

बदलता येणं हा गुण तपासायचा असेल तर खाली वाकून पाय पाहा. कारखान्याच्या बॉक्सला पीव्हीसीचे फिरवून वरखाली होणारे पाय असतात. फरशी उताराची असेल तर साधारण वीसेक मिलिमीटरचा फरक त्यात निघून जातो. ६०० रुंदीपर्यंतच्या बॉक्सला चार पाय, ९०० च्या बॉक्सला मध्ये धरून सहा. पुढच्या पायांवर चापांनी अडकवलेलं स्कर्टिंग हातानं निघतं, मागचं झाडता येतं, झुरळाचं औषध टाकता येतं. १०० च्या जागी १५० मिलिमीटरचे पाय लावले की सगळा ओटा दोन इंच वर जातो. घरात पुढे उंच सून आली, तर हा दोन इंचांचा खेळ फार मोलाचा ठरतो.

पण हे जमतं केव्हा? ग्रॅनाइट सिमेंटात बसवलेला नसेल तेव्हाच. बॉक्सच्या माथ्यावर प्लायच्या पट्ट्या, त्यावर सिलिकॉनचे ठिपके आणि त्यावर ग्रॅनाइट, असं बसवलेलं उचलता येतं. दहा फूट लांब, दोन फूट रुंद ग्रॅनाइट ९० ते १०० किलो भरतो, म्हणून तो दोन किंवा तीन तुकड्यांत घ्या आणि सांधे बॉक्सच्या उभ्या पाटीवरच येऊ द्या. सांधा खणाच्या मधोमध आला की वर खलबत्ता आपटल्यावर तिथंच तडा जातो. मसाला कुटायची जागा आधी ठरवा आणि ती उभ्या पाटीच्या डोक्यावर ठेवा.

कडप्प्याचा बांधीव ओटा इथं साफ हरतो. एकदा बांधला की उंची जन्माची. खणही एकसारखे नसतात, एक १९ इंच, दुसरा २१, त्यामुळे एका खणाची ट्रॉली दुसऱ्यात जात नाही. चॅनेल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी, लावायला कडप्प्यात भोकं पाडावी लागतात, कडेजवळ भोक पडलं की पाटी चिरते. आधी प्लायची पट्टी पक्की करून तिच्यावर चॅनेल लावलं तर काम निभावतं. मात्र एक श्रेय कडप्प्याला द्यायलाच हवं: तो कुजत नाही आणि त्याला उधई लागत नाही. जुन्या ओट्यातला सिंकखालचा कडप्प्याचा खण चांगला असेल तर तो फोडू नका.

भाकरीच्या ३० इंची जागेखाली आम्ही बॉक्स न ठेवता मोकळीक ठेवायला सांगू. तिथं चाकांचा सुटा बॉक्स ठेवा, पुढच्या दोन चाकांना ब्रेक असलेला. एरवी त्यात परात, पोळपाट, तवे. घरातल्या आजींना उभं राहवत नसेल त्या दिवशी बॉक्स बाहेर ओढायचा, खुर्ची आत घ्यायची, गुडघ्यांना २८ इंच मोकळे मिळतात. ग्रॅनाइटला खालून आधार म्हणून दोन्ही बाजूंच्या पाट्या आणि मागे भिंतीत लोखंडी अँगल पुरतो, फक्त ही मोकळी जागा अडीच फुटांपेक्षा रुंद करू नका. भाकरीसाठी चॅनेलवर बाहेर येणारी पाटी शोरूमवाले हौसेनं दाखवतात. ती घेऊ नका. थापण्याचा जोर पुढच्या टोकावर येतो आणि चॅनेल काही महिन्यांत झुकतं.

डब्यांचं वजन कुणी मोजत नाही

ओट्याखाली शटर आणि फळ्या असतील तर मागचा डबा काढायला पुढचे तीन काढावे लागतात, तेही वाकून. खालच्या सगळ्या खणांत ड्रॉवर घ्या, फक्त सिंक आणि सिलिंडर सोडून. ७२० मिलिमीटर उंचीच्या बॉक्सची वाटणी १४४ + २८८ + २८८ अशी चांगली बसते: वरच्यात चमचे, सांडशी, मिसळणाचा डबा, मधल्यात ताटं-वाट्या, तळाच्यात पातेली आणि मोठे डबे. ७४० च्या बॉक्समध्ये उरलेले वीस तळाच्या ड्रॉवरला द्या, ६४० च्यात मधला कमी करा.

चूक होते ती चॅनेलच्या क्षमतेत. पाच किलो पिठाचा स्टीलचा डबा साडेआठ ते नऊ इंच व्यासाचा असतो. तीन फुटी ड्रॉवरमध्ये असे सहा बसतात. म्हणजे तीस किलो पीठ-डाळ, वर रिकाम्या डब्यांचं चारेक किलो आणि ड्रॉवरचं स्वतःचं वजन. कोटेशनमध्ये नुसतं "सॉफ्ट क्लोज टँडम" (ड्रॉवरच्या तळाखाली बसणारं, हळुवार बंद होणारं चॅनेल) लिहिलेलं असेल तर ते बहुधा ३० किलोचं निघतं. हा ड्रॉवर पहिल्या दिवशी लोण्यासारखा सरकतो, सहा महिन्यांनी पुढून खाली झुकतो आणि नीट बंद होत नाही. तळाच्या ड्रॉवरसाठी ५० किलो किंवा त्यावरचं चॅनेल कोटेशनमध्ये आकड्यासह लिहून घ्या. हेटिच, ब्लम, एब्को, हाफेले या सगळ्या कंपन्यांच्या याद्यांत क्षमता छापलेली असते, ती पाहा. पैसे कमी पडत असतील तर वरच्या हलक्या ड्रॉवरला साधं टेलिस्कोपिक चॅनेल लावा आणि महागडं तळाला द्या. दुकानात मात्र उलट करतात, कारण वरचा ड्रॉवर गिऱ्हाईक उघडून पाहतं.

तारेच्या ट्रॉल्या इथं अजून खूप चालतात. ताटं-वाट्यांना त्या ठीक, ओलावा निथळतो. पण ग्रेड तपासा. ३०४ स्टील महाग, २०२ स्वस्त, आणि दुकानदार लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे ३०४" असं पटवतो. ही कसोटी निरुपयोगी आहे. ३०४ आणि २०२ दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. स्टीलवाल्यांकडे रसायनाच्या थेंबाची चाचणी असते, ती मागा, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. २०२ ची ट्रॉली सिंकजवळ ठेवली की वेल्डच्या ठिकाणी तांबूस ठिपके आधी दिसतात.

ड्रॉवर आणि फळ्या पुढे बदलता याव्यात म्हणून बॉक्सच्या आतल्या बाजूंना भोकांची रांग हवी. पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत, दर ३२ मिलिमीटरला एक, ५ मिलिमीटर व्यासाचं. मशिनवर हे बिनचूक होतं. सुतार हातानं पाडतो तेव्हा दोन्ही बाजूंत दोन मिलिमीटरचा फरक राहतो आणि फळी डुगडुगते. याच कारणासाठी सुताराकडून काम घेत असाल तर पाट्या मशिनवर कापून, भोकं पाडून, कडा लावून आणा आणि जोडणी त्याच्याकडून करून घ्या. जिथं असं जॉबवर्क मिळतं, तिथं हा मार्ग आम्हाला तिन्हींत उजवा वाटतो: प्लाय तुमच्या डोळ्यांदेखत घेतलेला, कापणी मशिनची आणि कारागीर गावातला, दुसऱ्या दिवशी हाक मारली तर येणारा. सगळ्या बॉक्सची रुंदी ३००, ४५०, ६००, ९०० यांतच ठेवा. मग एका खणाचा ड्रॉवर दुसऱ्यात जाऊ शकतो.

पाणी, ऊन आणि उधई

आपल्याकडे कितीतरी वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ओट्याजवळ पाण्याचं पिंप भरून ठेवावं लागतं, आणि बोअरचं पाणी जड. सिंकखालचा बॉक्स या दोन्ही गोष्टींचा मार खातो. बिघाडाचा क्रम ठरलेला असतो. आधी सिंकच्या जाळीखालचा सांधा झिरपतो, मग पाइपासाठी पाटीत पाडलेल्या भोकाच्या उघड्या कडेतून पाणी प्लायमध्ये शिरतं, तळ फुगतो, आणि फुगलेल्या तळामुळे शटर बंद होत नाही. भोक पाडल्यावर त्याच्या कडेला सिलिकॉन किंवा वॉटरप्रूफ गोंदाचे दोन हात द्यायला पाच मिनिटं लागतात, पण ती कुणी देत नाही. तुम्ही समोर उभं राहून द्यायला लावा. दुसरी वाट भिंतीकडून: ग्रॅनाइट आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी मागच्या पातळ पाटीवर उतरतं. तिथं ग्रॅनाइटची चार इंचांची पट्टी आणि सांध्यात इपॉक्सी ग्राउट हवं. बॉक्स भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा, पाइपही त्यातून जातात.

बॉक्ससाठी आयएस ७१० चा, म्हणजे मरीन, प्लाय घ्या, १८ मिलिमीटर. त्याचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला असतो, त्याखालच्या बीडब्ल्यूआर प्रतीच्या प्लायचा ८ तास. "वॉटरप्रूफ आहे" हे तोंडी शब्द सोडून द्या. पाटीवरचा आयएसआय शिक्का आणि त्याखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकून पाहा. शंका असेल तर तीन इंचांचा तुकडा मागून कुकरमध्ये तीन-चार तास उकळा. थर सुटले तर माल परत करा. शोरूमच्या स्वस्त पॅकेजमध्ये बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) असतो. कोरड्या जागी, लॉफ्टला तो चालतो. पण त्यात स्क्रू एकदाच नीट धरतो, काढून पुन्हा लावला की भोक सैल पडतं. ज्याला उद्या बदल करायचा आहे त्यानं तो घेऊ नये. एचडीएचएमआर (ओलाव्याला बऱ्यापैकी टिकणारा दाट फायबर बोर्ड) शटरला छान, सपाट राहतो.

सिंकच्या एका बॉक्सला मात्र पीव्हीसी बोर्ड वापरा. पाणी त्याला काही करत नाही, उधईही खात नाही. पण म्हणून सगळं किचन पीव्हीसीत करणं चूक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात शेगडीची आच. लांब फळी वजनानं वाकते, शेगडीशेजारचं शटर मुरडतं, बिजागरीचे स्क्रू सैल होतात. मेम्ब्रेनच्या, म्हणजे वर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेल्या, शटरचंही तेच, वाफेनं आणि उष्णतेनं कडेचा कागद सुटतो. शेगडीच्या आसपास एक मिलिमीटरचं मॅट लॅमिनेट सगळ्यांत निभावणारं. काळ्या, चकचकीत अॅक्रिलिकवर जड पाण्याचे पांढरे डाग पडतात आणि ते घासून काढताना चरे उठतात. रंग फिका, पोत मॅट घ्या.

उधई भिंतीच्या सांध्यातून, स्कर्टिंगच्या मागून येते. प्लायवरची हमी तिच्यासाठी पुरेशी नाही. बॉक्स येण्याआधी ओट्यामागच्या भिंतीला आणि फरशीच्या सांध्याला औषध मारून घ्या. पाय असलेले बॉक्स इथंही कामाला येतात, मातीच्या रेषा वर चढताना दिसतात.

वरचे कप्पे

पाच फुटी बाईचा हात ओट्यावरून पुढे वाकून साधारण ६८ ते ७० इंचांपर्यंत पोचतो. ३४ इंच ओटा, वर २० इंच मोकळे, म्हणजे कप्प्याचा तळ ५४ वर आणि दुसरी फळी ६५ वर. रोजचं सामान या दोन फळ्यांतच बसवा. तिसरी फळी कुरडया-पापडांच्या डब्यांची, तिला स्टूल लागणारच. वर उघडणारी शटरं दिसायला देखणी, पण उघडल्यावर हँडल हाताबाहेर जातं, म्हणून इथं साध्या बिजागरीची घ्या. भिंत पक्क्या विटांची असेल तर लोखंडी रेलवर कप्पे टांगा. धाब्याच्या जुन्या घरात मातीच्या जाड भिंतीत फास्टनर धरत नाही. तिथं टांगायचा आग्रह धरणाऱ्याचं ऐकू नका, जमिनीवर उभं राहणारं उंच कपाट करा आणि ते वर फक्त कलू नये इतपत बांधा.

काळ्या मातीवरच्या घरांच्या भिंती क्वचितच गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात. माप तळाशी, मध्ये आणि वर असं तीन ठिकाणी घ्यायला लावा, सर्वांत कमी आकडा धरा आणि दोन्ही टोकांना दोन इंचांची फिलर (फट भरणारी) पट्टी ठेवा. ती नसेल तर टोकाचा ड्रॉवर दाराच्या चौकटीला अडतो.

कोटेशन वाचताना

रनिंग फुटाचा दर आणि शटरच्या स्क्वेअर फुटाचा दर यांची थेट तुलना होत नाही. दोघांकडूनही बॉक्सवार यादी मागा: प्रत्येक बॉक्सचं माप, पाटीचा प्रकार आणि जाडी, मागची पाटी ६ मिलिमीटरची की पातळ, कडेची पट्टी ०.८ की २ मिलिमीटर, चॅनेलची क्षमता, बिजागऱ्यांची संख्या. तीन फुटांपेक्षा उंच शटरला दोन बिजागऱ्या लिहिल्या असतील तर तीन करायला सांगा. १८ टक्के जीएसटी, वाहतूक, ग्रॅनाइटला सिंकचं भोक पाडण्याची मजुरी आणि प्लंबर यांतलं काय दरात आहे आणि काय बाहेर, हे आकड्यांत लिहून घ्या. हमी पाटीला वेगळी, हार्डवेअरला वेगळी, बसवण्याच्या कामाला वेगळी असते. तिसरीवर सगळे गप्प बसतात.

बसवून झाल्यावर ड्रॉवर रिकामे तपासू नका. डबे भरा, तळाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, पुढच्या टोकाला टेप लावून जमिनीपासूनची उंची मोजा, मग आत ढकलून पुन्हा मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त झोल दिसला तर कारागीर घरात असतानाच चॅनेल बदलून घ्या. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडा कागद ठेवून दहा मिनिटं थांबा. एकूण रकमेतला दहावा हिस्सा पहिल्या पावसाळ्यानंतर द्यायचा, असं आधीच ठरवून करारावर लिहा. त्या वेळी बिजागऱ्यांचे स्क्रू पुन्हा आवळून, शटरांच्या फटी एका रेषेत आणून घ्यायच्या आणि मगच पैसे द्यायचे.